एका पॉईंटचे काम

घरातल्या विजेच्या कामाला ‘छोटे’ म्हटले जाते ते बहुतेक वेळा त्याला लागणाऱ्या वेळेवरून आणि पैशांवरून. न्हाणीघरात गिझरसाठी पॉईंट काढणे, स्वयंपाकाच्या ओट्यावर एक जादा प्लग बसवणे, दिवाणखान्यातला जुना बोर्ड बदलणे ही कामे अर्ध्या दिवसात उरकतात, त्यांचा कोणी आराखडा काढत नाही, आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात निरोप ठेवला की संध्याकाळपर्यंत वायरमन पिशवी घेऊन दारात उभा राहतो. वायरमनच्या बोलीत ‘पॉईंट’ म्हणजे दिवा, पंखा किंवा एखादे उपकरण जिथे विजेला जोडले जाते ती जागा आणि बटणापासून तिथवर गेलेली वायर. मजुरीचा हिशेबही याच एककात होतो. विजेचा प्रवाह मात्र पॉईंटपाशी सुरू होत नाही. तो मीटर, मुख्य स्विच, वितरण पेटी म्हणजे ‘डीबी’, भिंतीतली नळी, मधले सांधे आणि बोर्ड असा सगळा मार्ग चालून येतो आणि न्यूट्रलच्या वायरीने परत जातो, त्यामुळे नव्या पॉईंटवरचा भार या मार्गावरच्या प्रत्येक सांध्याला सोसावा लागतो. घरमालक काम देतो ते एका पॉईंटचे. परंतु भिंतीआड वीस-तीस वर्षांपूर्वी कोणी जे करून ठेवले आहे त्यावर हा नवा भार टाकावा की नाही, हा निर्णयही तो नकळत वायरमनवर सोपवतो, आणि या निर्णयाची मजुरी सहसा कोणत्याच हिशेबात धरलेली नसते.

या व्यवहारातली अडचण अर्थशास्त्राने चांगली ओळखली आहे. काही वस्तू विकत घेण्यापूर्वीच पारखता येतात, जशी मंडईतली भाजी; काही वापरल्यावर कळतात, जसे खानावळीतले जेवण. हा भेद फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये मांडला, आणि १९७३ मध्ये मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी त्यात तिसऱ्या वर्गाची भर घातली, ज्याला मराठीत ‘विश्वास-वस्तू’ म्हणता येईल. यात मोडणाऱ्या सेवांचा दर्जा ग्राहकाला त्या घेण्यापूर्वी तर कळत नाहीच, पण घेतल्यानंतरही बहुधा कळत नाही, कारण काय करणे गरजेचे होते आणि त्यांतले काय प्रत्यक्ष झाले हे फक्त कारागिरालाच ठाऊक असते. भिंतीतली वायर हे या वर्गाचे नमुनेदार उदाहरण ठरावे. ‘दिवा लागला म्हणजे काम झाले’ ही घरोघरची कसोटी आहे आणि ती सर्वांत दुबळी आहे, कारण वायर बारीक असली, सांधा ढिला असला, बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलेले असले किंवा अर्थिंगची वायर कशालाच जोडलेली नसली, तरी दिवा तितक्याच उजेडाने लागतो.

कोणत्या भारासाठी काय लागते हे एका साध्या हिशेबाने समजू शकते, आणि त्यासाठी गिझरचेच उदाहरण घेणे सोयीचे आहे, कारण महाराष्ट्रातल्या शहरी घरांत मागाहून केलेल्या वाढीव कामांपैकी हे एक नेहमीचे काम आहे. भारतातला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर, म्हणजे साठवण न करता लगेच पाणी तापवणारा छोटा गिझर, चालू केला की ३००० भागिले २३० या हिशेबाने सुमारे १३ अँपिअर प्रवाह वाहतो. ९ वॉटचा एलईडी दिवा याच हिशेबाने एका अँपिअरच्या पंचविसाव्या भागाइतका प्रवाह घेतो, याचा अर्थ एक गिझर म्हणजे एकाच वेळी लावलेले तीनशेहून अधिक दिवे. ज्या इमारतीतले वायरिंग चार दिवे, तीन पंखे आणि एक रेडिओ गृहीत धरून झाले होते, तिथे जवळच्याच बोर्डातून वायर काढून, म्हणजे ‘लूप मारून’, हे तीनशे दिवे जोडायचे का, हा या कामातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नकारार्थी आहे: गिझर, वातानुकूलन यंत्र, इंडक्शन शेगडी यांसारख्या उपकरणांना डीबीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप पडणारा खटका, लागतो.

हे उत्तर इतके ठामपणे देता येते ते उष्णतेच्या गणितामुळे. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. डीबीपासून न्हाणीघरापर्यंतचे अंतर १५ मीटर असेल तर जाणारी आणि परतणारी मिळून ३० मीटर वायर होते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या एवढ्या वायरीचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास भरतो, आणि १३ अँपिअरला तिच्यात सुमारे ८८ वॉट उष्णता तयार होते. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची असेल तर रोध चौथाई होतो आणि उष्णता २२ वॉटवर येते. आता, ८८ वॉट तीस मीटरभर पसरलेले असल्याने भिंत काही पेटत नाही. तथापि नेहमीच्या पीव्हीसी आवरणाची सततच्या वापरातली मर्यादा ७० अंश सेल्सिअस धरलेली असते, गिलाव्याखालच्या नळीतून उष्णता सहज निसटत नाही, आणि त्याच नळीतून आणखी दोन-चार वायरी गेलेल्या असतील तर त्याही एकमेकींना तापवतात. वर्षानुवर्षे रोज सकाळी तापून थंड होणारे आवरण कडक होते, त्याला तडे जातात, आणि जे नुकसान एका दिवसात दिसले असते तर कोणी वेळीच थांबवले असते ते दहा वर्षांत कोणाच्या लक्षातही न येता पूर्ण होते.

बारीक वायरीपेक्षा वेगाने घात करतो तो ढिला सांधा. वर सांगितलेला अर्धा ओहम रोध तीस मीटरभर न पसरता बोर्डामागच्या एका सैल स्क्रूपाशी एकवटला, तर तेच ८० ते ९० वॉट अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत साठतात. जुन्या ६० वॉटच्या बल्बला हात लावून पाहिलेल्या कोणालाही याचा अर्थ वेगळा सांगायला नको. प्लगच्या भोकांभोवतीचे प्लास्टिक पिवळे पडणे, बोर्डातून जळका वास येणे, बटण दाबताना तडतड ऐकू येणे ही सांधा तापत असल्याची लक्षणे आहेत. तांबे महाग आणि दुर्मीळ होते त्या काळातल्या घरांत अ‍ॅल्युमिनिअमच्या वायरी आढळतात आणि तिथे धोका अधिक असतो, कारण अ‍ॅल्युमिनिअमवर हवेने चटकन न वाहणारा थर चढतो, तो धातू दाबाखाली हळूहळू सरकतो, आणि तांब्याशी त्याचा थेट पिळा मारला तर दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, सांधा लवकर खराब होतो. जुनी अ‍ॅल्युमिनिअमची आणि नवी तांब्याची वायर यांना पिळा मारून वर टेप गुंडाळणारा वायरमन दहा मिनिटे वाचवतो. योग्य कनेक्टर वापरणारा किंवा ती जुनी वायर मुळापासून बदलू म्हणणारा महाग वाटतो, पण तोच कामाचा असतो.

वायरीच्या जाडीबाबत दुकानात दोन भाषा चालतात. जुन्या पिढीचे वायरमन अजूनही ‘एक अठरा’, ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ अशी मापे सांगतात; यातला पहिला आकडा तारांची संख्या आणि दुसरा प्रत्येक तारेचा गेज दाखवतो, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, असा हा उलटा मामला आहे. तीन बावीस म्हणजे हिशेबाने सुमारे १.२ चौरस मिलिमीटर, तर सात वीस म्हणजे साडेचारच्या थोडे पुढे. नवी भाषा थेट छेदाची आहे, आणि ‘दीडची’, ‘अडीचची’, ‘चारची’ वायर एवढे म्हटले की दुकानदाराला कळते. सर्वसाधारण रिवाज असा की दिव्या-पंख्यांना एकची किंवा दीडची, १६ अँपिअरच्या प्लगला अडीचची आणि गिझर-एसीसारख्या जड उपकरणांना चारची वायर वापरावी. ती बहुधा ९० मीटरच्या बंडलात मिळते, आणि बंडलावर तसेच वायरीच्या आवरणावर आयएसआय चिन्हासोबत मानकाचा क्रमांक, म्हणजे आयएस ६९४, छापलेला असतो. चिन्हाखालचा सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर टाकला तर तो कोणत्या कारखान्याचा आहे आणि चालू आहे की नाही हे लगेच दिसते. नकली वायर प्रसिद्ध नावांच्याच वेष्टनात येत असल्याने ही तपासणी करणे हा संशयीपणा ठरत नाही.

सामान कोणी आणायचे, हा यापुढचा प्रश्न आहे. वायरमनने आणले तर त्याला दुकानदाराकडून सूट मिळते, आणि अनेक कंपन्यांच्या बंडलात किंवा स्विचच्या खोक्यात कारागिरासाठी कूपन अथवा स्कॅन करण्याचा कोडही असतो, ज्याचे गुण साठवून पुढे रोख रक्कम किंवा भेटवस्तू मिळते. यात गैर काही नाही, परंतु एकाच कंपनीच्या मालाचा आग्रह का धरला जातो हे त्यातून समजते. मालकाने स्वतः सामान आणायचे ठरवले तर खर्च दिसतो, पण नळीचा एक कोपरा कमी पडला म्हणून काम थांबते आणि दुकानाच्या दोन फेऱ्या होतात. मधला मार्ग असा की वायरमनने यादी लिहून द्यावी, वायर, एमसीबी आणि स्विच या तीन मुख्य वस्तू पक्क्या बिलावर मालकाने घ्याव्यात, आणि खिळे, टेप, क्लिपा यांसारखे किरकोळ सामान वायरमनवर सोडावे.

संरक्षक उपकरणांविषयीचा गैरसमज वायरीविषयीच्या गैरसमजापेक्षाही खोल आहे. एमसीबी हा माणसाला वाचवण्यासाठी असतो असे सर्रास समजले जाते. वास्तविक तो वायरीला वाचवतो. त्याच्या आत दोन यंत्रणा असतात: दोन वेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी, जी जादा प्रवाहाने तापून वाकते आणि खटका सोडवते, आणि एक वेटोळे, जे शॉर्ट सर्किटच्या वेळी चुंबकाप्रमाणे खटका तत्क्षणी ओढते. पहिली यंत्रणा मुद्दामच संथ ठेवलेली असते. मानकानुसार घरगुती एमसीबी त्याच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला तासभर टिकला पाहिजे आणि १.४५ पट प्रवाहाला तासाच्या आत पडला पाहिजे, म्हणून ३२ अँपिअरचा एमसीबी ३६ अँपिअरला तक्रार न करता सोसतो. आता दीडची वायर नळीत बंद असताना साधारण पंधरा अँपिअरच्या आसपासच सुखाने वाहू शकते. यावरून ‘एमसीबी सारखा पडतो’ या तक्रारीवर जास्त आकड्याचा एमसीबी बसवून देणारा वायरमन नेमके काय करतो हे स्पष्ट व्हावे. तक्रार मिटते आणि वायरीचा एकमेव राखणदार झोपी जातो. जुन्या चिनी मातीच्या ‘किटकॅट’ फ्यूजमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी वायरीतल्या चार तांब्याच्या तारा गुंडाळण्याची पद्धत होती, तिचाच हा सुधारित अवतार आहे. नियम एवढाच की उपकरणाच्या प्रवाहापेक्षा एमसीबीचा आकडा मोठा असावा आणि एमसीबीच्या आकड्यापेक्षा वायरीची क्षमता मोठी असावी. १३ अँपिअरच्या गिझरला १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी आणि चारची वायर ही जोडी या नियमात बसते.

माणसाला वाचवणारे साधन वेगळे आहे. बोलण्यात त्याला अजूनही ‘ईएलसीबी’ म्हणतात, पण आज बसवले जाते ते आरसीसीबी. फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते; दोन्ही सारखे असतील तर ते स्वस्थ राहते, पण काही प्रवाह माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जाऊ लागला आणि हा फरक ३० मिलिअँपिअरच्या मर्यादेपर्यंत पोहोचला तर सेकंदाच्या अल्पांशात पुरवठा तोडते. दहाएक मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडून पकडलेली वस्तू सुटेनाशी होते, आणि तिसाच्या पुढे हृदयाला धोका वाढत जातो, म्हणून घरासाठी ही मर्यादा निवडलेली आहे. २० अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह त्याच्या आकड्याच्या सहाशेव्या भागाहूनही कमी असतो, तेव्हा त्याने तो ओळखावा ही अपेक्षाच चुकीची आहे. अर्थात एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरले तर जाणारा व येणारा प्रवाह सारखाच राहतो, आणि तिथे आरसीसीबीही काही करू शकत नाही.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की तो पहिल्याच दिवशी वारंवार पडतो, आणि इथे वायरमनची खरी परीक्षा होते. पडण्याचे कारण बहुधा दोनांपैकी एक असते: कुठे तरी ओल शिरून किंवा गिझरची कॉइल खराब होऊन प्रवाह गळत असतो, नाही तर पूर्वी कोणी तरी दोन वेगळ्या सर्किटांचे न्यूट्रल एका सांध्यात एकत्र बांधलेले असतात, ज्यामुळे एका वाटेने गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परततो आणि उपकरणाला हिशेब जुळेनासा होतो. दोन्ही दोष शोधायला बोर्ड उघडून एकेक सर्किट सुटे करावे लागते, त्यात अर्धा दिवस जातो, आणि पॉईंटच्या दरात हा अर्धा दिवस कुठेच बसत नाही. साहजिकच ‘हे जुन्या वायरिंगला चालत नाही’ असे सांगून आरसीसीबी बाजूला काढून टाकण्याकडे कल असतो. त्यात केवळ वायरमनचा दोष मानणे अन्यायाचे होईल, कारण दोष शोधण्याच्या वेळेचे पैसे द्यायला घरमालकही तयार नसतो.

अर्थिंगची गोष्ट याच जातीची आहे. भारतीय प्लगमधली वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ती प्लग खोचताना उपकरणाचे धातूचे अंग आधी जमिनीला जोडले जावे आणि काढताना शेवटी सुटावे म्हणून. ही सोय उपयोगी पडण्यासाठी भोकामागे हिरवी वायर असावी लागते आणि ती इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत अखंड पोहोचावी लागते. अनेक जुन्या घरांत ती तशी नसते, आणि नवा गिझर बसवणाऱ्या कंपनीचा माणूस अर्थिंग नसल्याचे सांगून काम नाकारतो तेव्हा एक अघोरी तोड काढली जाते: प्लगच्या आतच न्यूट्रलपासून अर्थच्या पिनेपर्यंत वायरीचा तुकडा जोडून देणे. मीटर लावून पाहिले तर सर्व आकडे बरोबर दिसतात, आणि कंपनीच्या माणसाचे समाधान होते. पण मागे कुठे तरी न्यूट्रलचा सांधा सुटला की फेजवरून आलेले २३० व्होल्ट गिझरच्या कॉइलमधून, त्या तुकड्यावाटे, थेट गिझरच्या पत्र्यावर आणि नळांवर येतात. घरगुती वायरिंगमध्ये जे काही चुकीचे करता येते त्यात याहून वाईट फारसे काही नसावे. नवे काम देताना अर्थिंगची वायर डीबीपासून स्वतंत्र ओढली जाईल आणि डीबीपर्यंत ती खरोखर येते का हे आधी तपासले जाईल, एवढे बोलून घेणे म्हणूनच आवश्यक आहे. इमारतीचा खड्डाच निकामी असेल तर तो प्रश्न एका घराचा न राहता गृहनिर्माण संस्थेचा होतो.

हे काम कोणी करावे याविषयी कायदा स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम आणि त्यांची जागा घेणारे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम, जे २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने काढले गेले, यांचे सूत्र एकच आहे: ग्राहकाच्या जागेतले वायरिंगचे काम, त्यातली भर, फेरबदल आणि दुरुस्तीसुद्धा, अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवानाधारक कामगाराकडून करून घ्यावे. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांसारख्या वस्तू जशाच्या तशा बदलणे, ज्याने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, एवढेच यातून वगळलेले आहे. त्यामुळे जळालेले बटण बदलणे आणि गिझरचा नवा पॉईंट काढणे ही घरमालकाच्या लेखी सारखीच छोटी कामे कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या जातींची आहेत. महाराष्ट्रात या अनुज्ञप्त्या आणि प्रमाणपत्रे राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वेगळे द्विवार्षिक अभ्यासक्रम असून तारतंत्री म्हणजेच वायरमन. बोलण्यात मात्र घरी येणारा कारागीर, सोसायटीचा इलेक्ट्रिशियन आणि खांबावर चढणारा वीज कंपनीचा कर्मचारी या सर्वांना हेच नाव आहे.

व्यवहारात शेजारपाजारची बरीचशी कामे परवान्याशिवाय, उस्तादाच्या हाताखाली शिकलेली माणसे करतात, आणि त्यांतली काही उत्तम करतात. तरीही परवान्याविषयी विचारण्याला अर्थ आहे, कारण त्या प्रश्नाच्या उत्तरातून कारागीर कोणत्या ठेकेदाराशी जोडलेला आहे आणि पुढे चाचणी अहवाल लागला तर तो कोण देणार हे कळते. महावितरण, बेस्ट किंवा अन्य पुरवठादाराची जबाबदारी मीटरपर्यंत असते; त्यापुढचे वायरिंग ग्राहकाचे. नवी जोडणी घेताना वायरिंगचा चाचणी अहवाल लागतो, आणि गिझर, एसी अशा भरींमुळे एकूण भार मंजूर भाराच्या पुढे जात असेल तर तो वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. मीटरच्या सीलला वायरमनने हात लावायचा नसतो, आणि घरगुती मीटरवरून खालच्या दुकानाला वायर ओढून देण्यासारखे ‘शेजारधर्माचे’ काम विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात मोडते, ज्याची आकारणी दुप्पट दराने होते.

वायरमन पारखण्याची सर्वांत चांगली संधी तो भाव सांगतो त्याच्या आधी येते. जो आल्याआल्या डीबीचे झाकण उघडतो, कोणता एमसीबी कशाचा आहे हे पाडून पाहतो, गिझर किती वॉटचा घेणार हे विचारतो आणि मग आकडा सांगतो, तो भिंतीआडचे पाहायला आलेला असतो. जो दारातूनच न्हाणीघराकडे पाहून दर सांगतो तो फक्त पॉईंट पाहतो. दरातही संदिग्धता असते. ‘पॉईंटला इतके’ म्हणताना डीबीपासूनची लांब वायर त्यात आहे की ती मीटरवर वेगळी मोजली जाणार, भिंतीत झिरी पाडणे धरले आहे का, ती सिमेंटने कोण बुजवणार, एमसीबी व अर्थिंगचे जोडकाम कोणाकडे, या गोष्टी कागदाच्या एका तुकड्यावर लिहिल्या तर बहुतेक वादांना जागाच उरत नाही. रंगकाम सहसा कोणीच धरत नाही. झिरी उभी पाडावी, लांब आडवी पाडू नये, कारण चार इंची विटेची भिंत आडव्या खाचेने कमकुवत होते, आणि तुळई किंवा खांबाच्या काँक्रीटमध्ये तर छिन्नी लावूच नये. झिरी पाडण्याचा त्रास टाळण्यासाठी भिंतीवरून पीव्हीसीची केसिंग-पट्टी नेण्याचा पर्याय दिसायला साधा, पण पुढच्या दुरुस्तीला सोपा असतो. तो सुचवणाऱ्या वायरमनला आळशी समजण्याचे कारण नाही.

काम चालू असताना घरमालकाने एक गोष्ट स्वतःकडे घ्यावी, ती म्हणजे मुख्य स्विच. बरेच वायरमन सवयीने चालू लाईनवर काम करतात आणि त्याचा त्यांना अभिमानही असतो. घरातल्या लोकांचा पंखा बंद पडू नये म्हणूनही ते असे करतात, तेव्हा तासभर पंख्याशिवाय बसण्याची तयारी दाखवणे हा कारागिराच्या सुरक्षिततेचा भाग आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर मुख्य स्विच बंद केल्यावर तो आपण होऊन चालू होतो आणि बोर्डातल्या काही वायरी जिवंतच राहतात, ही गोष्ट नव्या माणसाला माहीत नसते आणि ती मालकानेच सांगायची असते. नळीत वायरी ओढून झाल्यावर, झिरी बुजवण्यापूर्वी, मोजपट्टी भिंतीला लावून एक छायाचित्र काढून ठेवले तर पुढे आरशासाठी खिळा ठोकताना ते कामी येते.

काम संपल्यावरची तपासणी दिवा लावून होत नाही. टेस्टरमधला निऑनचा दिवा मोठ्या रोधातून आणि माणसाच्या अंगातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर उजळतो, त्यामुळे तो फेज आहे एवढेच सांगतो, न्यूट्रल धड आहे की नाही याबद्दल मुका राहतो. तरी त्याचा एक उपयोग आहे: बटण बंद असताना वायरमनने प्लगमध्ये टेस्टर लावला आणि तो उजळला, तर बटण न्यूट्रलमध्ये बसवलेले आहे आणि ‘बंद’ गिझर खरे तर जिवंत आहे. मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० च्या आसपास, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात जेमतेम काही व्होल्ट दिसायला हवेत, जरी वर सांगितलेल्या न्यूट्रलच्या तुकड्याची लबाडी या आकड्यांनी पकडली जात नाही आणि त्यासाठी प्लग उघडूनच पाहावा लागतो. आवरणाची तपासणी ‘मेगर’ नावाच्या यंत्राने होते, जे वायरींवर ५०० व्होल्ट एकदिश दाब देऊन त्यांच्यातून किती गळती होते ते पाहते. रोध निदान १ मेगओहम भरला पाहिजे. एका पॉईंटसाठी मेगर घेऊन येणारा वायरमन क्वचितच भेटतो, परंतु ठेकेदाराकडे तो असतो, आणि जुन्या घरात तो मागवण्याचा खर्च वाया जात नाही. मग गिझर नेहमीइतका चालवून, बंद करून, कोरड्या हाताने प्लगला बाहेरून हात लावून पाहावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण वायरमनच्या समक्ष दाबावे आणि पुढेही काही महिन्यांनी दाबत राहावे, कारण वर्षानुवर्षे न हललेला खटका ऐन वेळी अडकू शकतो.

राहिले ते डीबीचे झाकण. त्याच्या आतल्या बाजूला बहुतेक घरांत काहीच लिहिलेले नसते, आणि प्रत्येक नवा वायरमन एकेक एमसीबी पाडत, घरभर ‘कुठला गेला?’ असे ओरडत, तेच शोधकाम पहिल्यापासून करतो. गिझर, चारची वायर, २० अँपिअर, अर्थ डीबीतून, काम झाल्याची तारीख, एवढा मजकूर कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवायला दोन मिनिटे लागतात, आणि पुढे कधी त्या न्हाणीघरात काही बिघडले तर जो येईल, मग तो हाच वायरमन असो वा दुसरा कोणी, त्याला भिंत न फोडता पहिली माहिती तिथेच मिळते.